वाचकांचे प्रश्न : बोल्टचा क्रमांक काय सांगतो आणि काय सांगत नाही

मोटारसायकलचा एखादा बोल्ट तुटला, हरवला किंवा त्याचे आटे गेले, की तो नव्याने मागवताना सुट्या भागांच्या यादीतील दहा-बारा आकड्यांच्या क्रमांकापाशी बरेच वाचक अडतात, असे या वेळच्या पत्रांवरून दिसते. एकाच विषयावरची ही पत्रे येथे एकत्र घेतली असून प्रश्नांचा मजकूर आटोपशीर केला आहे.

प्रश्न : माझ्या होंडा मोटारसायकलच्या इंजिनाचे बाजूचे झाकण बसवताना एक बोल्ट कमी पडला. सुट्या भागांच्या यादीत त्याचा क्रमांक ९६००१-०६०२०-०० असा आहे. दुसऱ्या एका पानावर ९५७०१-०६०२०-०० असा क्रमांक दिसला. दोन्हींपुढे ‘फ्लँज बोल्ट, ६×२०’ एवढेच वर्णन आहे. दोन्ही एकच समजून हाताशी असेल तो लावावा का?

उत्तर : दोन्ही एकच नाहीत, आणि त्यांच्यातला फरक ज्या आकड्यांत आहे तेच आकडे आपण मागवताना बहुधा नजरेआड करतो. होंडाच्या प्रमाणित बोल्ट, नट, वॉशर अशा भागांचा क्रमांक पाच, पाच आणि दोन अशा तीन गटांत असतो. मधला गट वाचायला सोपा आहे : ०६ म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास ६ मिलिमीटर आणि ०२० म्हणजे लांबी २० मिलिमीटर. लांबीसाठी तीन जागा ठेवलेल्या असल्यामुळे शंभर मिलिमीटरचा बोल्टही ०६१०० असा त्याच साच्यात लिहिता येतो. शेवटचे दोन आकडे पृष्ठभागावर दिलेल्या मुलाम्याविषयी असतात. खरा निवाडा मात्र पहिल्या पाच आकड्यांवर होतो, कारण बोल्टची जात तेथे सांगितलेली असते.

९५७०१ हा नेहमीच्या फ्लँज बोल्टचा, म्हणजे डोक्याखाली पसरट गोल कडा असलेल्या बोल्टचा, गट आहे, तर ९६००१ हा लहान डोक्याच्या फ्लँज बोल्टचा, ज्याला होंडाच्या दुरुस्ती पुस्तिकांत एसएच बोल्ट म्हणतात. ६ मिलिमीटरच्या एसएच बोल्टच्या डोक्याला ८ मिलिमीटरचा पाना लागतो आणि डोक्याखालची फ्लँज आटोपशीर असते. पंचाईत अशी, की मोठ्या फ्लँजच्या काही बोल्टांनाही ८ मिलिमीटरचाच पाना लागतो, त्यामुळे पाना बसला म्हणजे बोल्ट तोच, असे म्हणता येत नाही. झाकणाच्या ओतीव भागात बोल्टच्या डोक्यासाठी जी गोल खोबण कोरलेली असते ती लहान फ्लँजच्या मापाची असेल, तर मोठी फ्लँज तिच्या काठावर टेकते. बोल्ट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण दाब सगळा एका कडेवर येतो. उलट, मोठ्या फ्लँजच्या जागी लहान डोक्याचा बोल्ट लावला तर अॅल्युमिनियमवरचा दाब थोड्या क्षेत्रात एकवटतो आणि बसण्याची जागा हळूहळू दबत जाते. होंडाच्या टॉर्कच्या, म्हणजे आवळण्याच्या जोराच्या, सर्वसाधारण तक्त्यांतही ६ मिलिमीटरच्या एसएच बोल्टसाठी ९ ते १० न्यूटन-मीटर आणि मोठ्या फ्लँजच्या बोल्टसाठी १२ न्यूटन-मीटर असे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. तेव्हा यादीत ९६००१ असेल तर तोच मागवावा.

याच पद्धतीने आपल्याला यादीतले आणखी काही गट ओळखता येतील. ९२१०१ म्हणजे फ्लँज नसलेला साधा षटकोनी बोल्ट, ९६६०० म्हणजे एलन कीने फिरवायचा सॉकेट बोल्ट, ९३५०० म्हणजे पॅन डोक्याचा स्क्रू, ९४०५० म्हणजे फ्लँज नट. परंतु मधल्या गटाची वाटणी दर ठिकाणी दोन आणि तीन अशीच असते, असे मात्र धरून चालू नये. झाकण नेमके जागेवर बसावे म्हणून जी पोकळ डॉवेल पिन असते तिचा एक नेहमीचा क्रमांक ९४३०१-०८१४० असा आहे. येथे व्यास ८ आणि लांबी १४ असून शेवटचे शून्य मापाचे नाही. ‘८ बाय १४०’ असे वाचले तर इंजिनात कोठेही न मावणारी पिन डोळ्यांपुढे उभी राहते. बेअरिंगांच्या बाबतीत तर ९६१००-६२०३० यातले ६२०३ हे सरळ बेअरिंगचेच जगभर चालणारे नाव आहे, त्याचा मिलिमीटरशी थेट संबंध नाही.

प्रश्न : त्याच यादीत काही बोल्टांच्या क्रमांकाच्या मध्यभागी अक्षरे आहेत आणि मापाचा मागमूस नाही. ते कसे वाचायचे?

उत्तर : ते वाचायचेच नाहीत, जसेच्या तसे उतरवून घ्यायचे. क्रमांक दोन प्रकारचे असतात, माप सांगणारे ते बोलके आणि न सांगणारे ते मुके, आणि आपल्या हातातला क्रमांक यांपैकी कोणता हे ओळखणे हेच या सगळ्या प्रकरणातले निम्म्याहून अधिक काम आहे. होंडाच्या बाबतीत ९० ने सुरू होणारे आणि पाच, तीन, तीन अशा गटांत लिहिलेले क्रमांक हे खास त्या जागेसाठी बनवलेल्या बोल्टांचे असतात : ब्रेक डिस्कचे, कॅलिपरचे, सिलिंडर हेडचे, स्प्रॉकेटचे. मधले तीन म्हणजे मॉडेलचा संकेत. उदाहरणार्थ १५०० सीसीच्या गोल्डविंगचा संकेत एमएन५ असा आहे, तर १९६९ साली आलेल्या पहिल्या सीबी७५० चा संकेत ३०० असा केवळ आकड्यांचा आहे. तो संकेत त्या बोल्टचा जन्म कोणत्या गाडीसाठी झाला एवढेच सांगतो. तोच बोल्ट पुढे इतर अनेक गाड्यांत वापरला जातो, म्हणून आपल्या गाडीच्या यादीत परक्या गाडीचा संकेत दिसला तर यादी चुकली असे समजू नये.

अशा मुक्या क्रमांकांचे माप शोधायचे असेल तर ते शेजारच्या वर्णनात पाहावे. तेथे ‘बोल्ट, फ्लँज, ८×२८’ असे लिहिलेले बहुधा सापडते. २८ ही लांबी बाजारात सहज मिळणाऱ्या लांब्यांत बसत नाही, यावरूनच तो बोल्ट खास आहे हे कळावे.

प्रश्न : यामाहाच्या एका बोल्टचा क्रमांक ९०१०५ या गटातला असून पुढच्या पाच आकड्यांत आधी ०६ आणि मग ०२२ आहे. मी तो ६×२२ समजून त्याच मापाचा बोल्ट बाहेरून आणला, पण तो मूळ बोल्टपेक्षा वेगळ्याच लांबीचा निघाला. चूक कोठे झाली?

उत्तर : आपण मुका क्रमांक बोलका समजून वाचलात. यामाहाची पद्धत होंडाच्या पद्धतीसारखी दिसते, म्हणूनच ती अधिक फसवी आहे. यामाहाच्या सामान्य भागांचा क्रमांक तीन, पाच, दोन, दोन अशा बारा जागांचा असतो. पहिल्या तीन जागा मॉडेलच्या, नंतरच्या पाच त्या भागाच्या, मग दोन रचनेतील बदलाच्या आणि शेवटच्या दोन रंगाच्या. जोडणीच्या सामानाचे क्रमांक मात्र ९ ने सुरू होतात आणि त्यांत मॉडेलचा संकेत नसतो.

या ९ च्या घराण्यात दोन शाखा आहेत. ९१, ९५ आणि ९७ ने सुरू होणारे प्रमाणित बोल्टांचे क्रमांक बोलके आहेत : ९५०२२-०६०२० हा लहान डोक्याचा ६×२० फ्लँज बोल्ट, ९७०१७-०६०२० हा ६×२० साधा षटकोनी बोल्ट, ९१३१४-०६०२० हा ६×२० सॉकेट बोल्ट. ९० ने सुरू होणारी शाखा मात्र अप्रमाणित, म्हणजे खास बनवलेल्या सामानाची आहे. तेथे ०६ हा व्यास खरा असतो, पण पुढचे तीन आकडे केवळ अनुक्रमांक असतात. ०२२ म्हणजे ६ मिलिमीटर व्यासाच्या त्या जातीतील नोंदीचा एक क्रमांक, इतकेच. तो बोल्ट १४ मिलिमीटरचा असू शकतो किंवा ७० चाही. त्यातही खांदा असलेला बोल्ट, टोकाला आटे नसलेला बोल्ट, मध्येच बारीक केलेला बोल्ट असे प्रकार याच शाखेत येतात. अर्धा क्रमांक खरे सांगतो म्हणून उरलेल्या अर्ध्यावरही आपला विश्वास बसतो, आणि मागवणाऱ्याची फसगत येथेच होते. म्हणून यामाहाचा क्रमांक हाती आला की आधी पहिले दोन आकडे पाहावेत. ९० असेल तर लांबीचा अंदाज बांधू नये, जुना बोल्ट मोजावा किंवा तोच क्रमांक मागवावा.

मोजण्याविषयीही एक गोष्ट येथेच सांगतो. षटकोनी, फ्लँज आणि सॉकेट बोल्टची लांबी डोक्याच्या खालपासून टोकापर्यंत मोजतात. फ्लँज असेल तर फ्लँजच्या खालच्या पृष्ठभागापासून. पृष्ठभागाशी समतल बसणाऱ्या शंकूच्या डोक्याच्या स्क्रूची लांबी मात्र डोके धरून मोजतात. व्यास मोजताना व्हर्नियरवर नेमके ६ दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. एम६, म्हणजे ६ मिलिमीटरच्या, बोल्टच्या आट्यांचा बाहेरचा व्यास बनावटीत चालणारा नेहमीचा फरक धरून सुमारे ५.७९ ते ५.९७ मिलिमीटर भरतो. तो झिजलेला नसतो, तसाच बनवलेला असतो.

प्रश्न : सुझुकी, कावासाकी आणि युरोपातील गाड्यांचे क्रमांकही असेच वाचता येतात का?

उत्तर : थोडक्यात सांगतो. सुझुकीच्या ०१ ने सुरू होणाऱ्या प्रमाणित बोल्टांत दुसऱ्या गटातील पहिले दोन आकडे व्यासाचे आणि पुढचे दोन लांबीचे असतात. ०१५४७ पुढे ०६२५ आले की तो ६×२५, आणि शेवटची एक जागा मुलाम्याची. ०९ ने सुरू होणारा गट खास सामानाचा आहे आणि तेथे यामाहाच्या ९० सारखाच प्रकार होतो : ०९१६८-१४००४ या तेल काढण्याच्या बोल्टखालच्या वॉशरमध्ये १४ हे माप आहे, ००४ हा अनुक्रमांक आहे.

कावासाकीकडे १३०बीए०६२० असा क्रमांक असेल तर तो ६×२० फ्लँज बोल्ट. लांबी-व्यास चार आकड्यांत सलग लिहिलेले असतात. ९२१५३ किंवा ९२१५४ अशा गटाने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो पूर्ण मुका समजावा.

केटीएमची पद्धत मला सर्वांत सरळ वाटते, कारण तिच्या पहिल्या चार आकड्यांत अनेकदा जर्मन मानकाचाच क्रमांक असतो. ०९१२०६०२०३ यात ०९१२ म्हणजे डीआयएन ९१२, अर्थात सॉकेट बोल्ट. ०६ व्यास, ०२० लांबी. ०१२५ ने सुरू होणारा वॉशर डीआयएन १२५ चा, ०९८५ ने सुरू होणारा नट डीआयएन ९८५ चा, म्हणजे आतून नायलॉनचे कडे असलेला. हे मानकांचे आकडे ज्याला पाठ आहेत त्याला यादीतले वर्णन न वाचताही भाग डोळ्यांपुढे दिसतो. बीएमडब्ल्यूच्या अकरा आकडी क्रमांकात ०७ ने सुरुवात असेल तर तो प्रमाणित सामानाच्या घरातला एवढेच कळते. माप क्रमांकात नसते, ते वर्णनात ‘एम८×२५’ अशा रीतीने, आणि बऱ्याचदा मजबुतीच्या वर्गासह, दिलेले असते.

प्रश्न : माझ्या जपानी मोटारसायकलच्या एका १० मिलिमीटरच्या बोल्टऐवजी मी त्याच लांबीचा, त्याच व्यासाचा नवा बोल्ट विकत घेतला. तो दोन-तीन वेढे सहज गेला आणि मग अडकला. भोकातले आटे खराब झाले असावेत का?

उत्तर : अजून झाले नसतील, पण आणखी जोर लावला असता तर नक्की झाले असते. यात दोष आट्यांच्या अंतराचा, म्हणजे पिचचा आहे, आणि बोलक्या क्रमांकांतही बहुधा पिच सांगितलेला नसतो. निर्माता आपली ठरलेली पद्धत गृहीत धरतो आणि आपण बाजारातली.

५ मिलिमीटरच्या बोल्टचा पिच ०.८, ६ चा १ आणि ८ चा १.२५ मिलिमीटर, येथपर्यंत जपानी वाहने आणि सर्वसामान्य बाजार यांचे जुळते. १० मिलिमीटरला मात्र वाटा फुटतात. बाजारातला साधा एम१० बोल्ट जाड आट्यांचा, १.५ पिचचा असतो, तर जपानी मोटारसायकलींवर एम१० साठी १.२५ हा बारीक पिच सर्रास वापरला जातो. आपल्या अनुभवाचा हिशेब यावरून मांडता येतो. तीन वेढ्यांत १.५ पिचचा बोल्ट ४.५ मिलिमीटर आत जाऊ पाहतो, पण १.२५ पिचचे भोक त्याला ३.७५ मिलिमीटरच जाऊ देते. पाऊण मिलिमीटरची ही ओढाताण आट्यांमधील सैलपणात सुरुवातीला जिरते आणि मग बोल्ट ताठ होतो. येथे थांबलेला मनुष्य शहाणा. पाना लावून पुढे रेटले तर अॅल्युमिनियममधील आटे मारले जातात, आणि मग भोक मोठे करून तारेचे नवे आटे बसवण्याचे काम अंगावर येते.

१२ मिलिमीटरला तर १.२५, १.५ आणि १.७५ असे तिन्ही पिच भेटतात. होंडाच्या अनेक इंजिनांतील तेल काढण्याचा बोल्ट १२ व्यासाचा आणि १.५ पिचचा असतो. ब्रेकच्या नळीला जोडणारा पोकळ बॅन्जो बोल्ट जपानी यंत्रणांत बहुधा १०×१.२५ असतो, तर अनेक युरोपीय यंत्रणांत १०×१. ब्रेकच्या बाबतीत हा फरक अंदाजाने सोडवण्यासारखा नाही.

पिच मोजण्यासाठी पिच गेज असेल तर उत्तमच. नसेल तर व्हर्नियरने एका आट्याच्या शेंड्यापासून सुरुवात करून दहा अंतरे मोजावीत. १२.५ मिलिमीटर भरले तर पिच १.२५, १५ भरले तर १.५. बोल्ट आखूड असेल तर पाच अंतरे मोजली तरी चालते. याहून सोपी रीत म्हणजे ज्याचा पिच ठाऊक आहे असा बोल्ट शेजारी धरून दोघांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे पाहणे. पिच सारखा असेल तर फट दिसत नाही.

डोक्याच्या मापावरूनही थोडी पारख करता येते. जपानी वाहनांवर ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारणपणे १२ चा आणि १० मिलिमीटरच्या बोल्टला १४ चा पाना लागतो. डीआयएन पद्धतीच्या बोल्टांना अनुक्रमे १३ आणि १७ चा पाना लागतो, आणि नव्या आयएसओ मानकानुसार १० च्या बोल्टला १६ चा. म्हणून जुन्या जपानी गाडीवर १३ चा पाना लागणारा बोल्ट दिसला, तर तो पूर्वीच्या मालकाने बाहेरून आणून लावलेला असण्याची शक्यता मनात धरावी आणि त्याला नमुना मानून दुसरा मागवू नये. यादीतला क्रमांकच प्रमाण मानावा.

प्रश्न : मागवलेला क्रमांक एक आणि पाकिटावर छापलेला क्रमांक दुसरा, असे का होते? परत करावा का?

उत्तर : बहुतेक वेळा परत करण्याची गरज नसते. निर्माता एखाद्या भागात सुधारणा करतो, मुलामा बदलतो किंवा दोन सारखे भाग एकत्र करून एकच ठेवतो, तेव्हा जुना क्रमांक बंद होऊन त्याच्या जागी नवा येतो. यामाहात बदल दाखवणाऱ्या दोन जागांवर ०० चे ०१ होते. होंडाच्या खास भागांत शेवटच्या तीन जागा बदलतात, आणि कधी अख्खा क्रमांकच नवा येतो. एखादा क्रमांक अशा तीन-चार पायऱ्या उतरून आलेलाही असतो.

लक्षात ठेवायचे ते इतकेच, की ही वाट एकमार्गी असते. नवा भाग जुन्या जागी बसतो असे निर्मात्याने सांगितलेले असते, जुना भाग नव्या जागी बसेल असे त्याने सांगितलेले नसते. शिल्लक मालातून जुन्या क्रमांकाचा बोल्ट स्वस्तात मिळाला आणि गाडी नंतरच्या वर्षाची असेल, तर तो घेऊ नये. शिवाय नव्या बोल्टबरोबर टॉर्कचा आकडा किंवा वॉशर बदलला आहे का, हे त्या वर्षाच्या दुरुस्ती पुस्तिकेत पाहून घ्यावे.

याच संदर्भात आणखी एका वाचकाने विचारले आहे, की क्रमांकातले गोल चिन्ह रोमन लिपीतले ओ अक्षर समजावे की शून्य. होंडाच्या प्रमाणित बोल्टच्या शेवटी ‘०ए’ असे येते तेथे पहिले चिन्ह शून्य आहे. गाडीच्या सतरा जागांच्या ओळख क्रमांकात तर हा घोळ टाळण्यासाठीच आय, ओ आणि क्यू ही तिन्ही अक्षरे वापरत नाहीत.

प्रश्न : सुट्या भागांच्या यादीसोबतच्या चित्रातल्या बोल्टवर २३ आकडा आहे. मी ‘२३ क्रमांकाचा बोल्ट’ म्हणून मागणी केली, तर ती नाकारली गेली.

उत्तर : तो आकडा चित्र आणि यादी यांची सांगड घालण्यासाठी असतो, त्या पानाबाहेर त्याला अर्थ नाही. यादीत २३ समोरचा पूर्ण क्रमांक घ्यावा. एकाच २३ समोर दोन-तीन ओळी असतील तर घाई करू नये. त्या वेगवेगळ्या वर्षांच्या, देशांच्या किंवा चेसिस क्रमांकांच्या मर्यादेच्या असतात, आणि आपली गाडी कोणत्या ओळीत पडते हे चेसिस क्रमांकावरूनच ठरते. नगांच्या रकान्यात दिलेली संख्या ही त्या चित्रातल्या जोडणीला लागणारी असते. पुढच्या चाकाला दोन डिस्क असतील आणि चित्र एकाच बाजूचे असेल, तर ती एका बाजूची की दोन्ही बाजूंची, हे चित्रातले बोल्ट मोजून ताडून पाहावे.

प्रश्न : गंज नको म्हणून ब्रेक डिस्कचे आणि कॅलिपरचे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे लावावेत, किंवा सरळ १२.९ वर्गाचे लावावेत, असा विचार आहे. माप मूळ क्रमांकावरून काढले आहे. हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे, आणि ती मापाची नाही. क्रमांकावरून आपल्याला व्यास आणि लांबी मिळाली, पण मजबुती, मुलामा, आट्यांवर आधीच लावलेले चिकट द्रव्य, खांद्याचे माप यांतले काहीच मिळाले नाही. ब्रेकचे बोल्ट जवळजवळ नेहमी मुक्या क्रमांकांचे असतात, ते याच कारणामुळे.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेले असते तेव्हा पहिला आकडा शंभराने गुणून ताणबळ मिळते, म्हणजे ८०० मेगापास्कल, आणि दुसरा आकडा त्याच्या किती दशांशाला बोल्ट कायमचा ताणला जाऊ लागतो ते सांगतो, म्हणजे ६४०. याच हिशेबाने १०.९ म्हणजे १००० आणि ९००. जुन्या जपानी बोल्टांच्या डोक्यावर नुसता ७ दिसतो. तो दर चौरस मिलिमीटरला ७० किलोग्रॅम बळ अशा जुन्या एककातला आहे, म्हणजे सुमारे ६८६ मेगापास्कल. आता स्टेनलेसचा नेहमी मिळणारा ए२-७० वर्ग पाहा : ताणबळ ७००, पण कायमचा ताण ४५० लाच सुरू होतो. ८.८ च्या टॉर्कने तो आवळला तर तो ताणला जाण्याच्या सीमेजवळ जातो. शिवाय स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांना किंवा भोकाला धरून बसण्याची खोड असते, आणि अॅल्युमिनियमच्या संगतीत ओल मिळाली की गंजण्याचे काम अॅल्युमिनियमकडे जाते. बाजूच्या पॅनेलचे, मडगार्डचे, आरशाचे बोल्ट स्टेनलेसचे लावले तर शोभा वाढेल आणि बिघडणार काही नाही, मात्र आट्यांना अँटी-सीझ वंगण लावावे. ब्रेकला नको.

१२.९ चा मोह वेगळ्या प्रकारचा आहे. फोर्कच्या पायात किंवा कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये आतले आटे अॅल्युमिनियमचे असतात. बोल्ट कितीही मजबूत घेतला तरी आधी जाणारे आटे तेच, त्यामुळे मिळकत काही नाही. शिवाय इतक्या कठीण पोलादावर विजेच्या साह्याने जस्ताचा मुलामा दिला तर हायड्रोजन आत शिरून तो ठिसूळ होण्याचा धोका असतो आणि असा बोल्ट आवळल्यानंतर काही काळाने आपोआप तुटू शकतो. बाजारातला सॉकेट बोल्ट बिनफ्लँजचा असतो. एम६ ला त्याचे डोके १० मिलिमीटर व्यासाचे आणि ६ मिलिमीटर उंचीचे असते, ते डिस्कसमोरच्या अरुंद जागेत कॅलिपरला घासणार नाही याची खात्री क्रमांकावरून होत नाही.

होंडाच्या पुस्तिकांत डिस्कच्या बोल्टांसाठी एएलओसी अशी खूण असते. आट्यांवर कारखान्यातच चिकट द्रव्य लावलेले हे बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरायचे नसतात. तेव्हा डिस्क बदलताना जितके बोल्ट निघतील तितके, मूळ क्रमांकाचेच, नवे मागवावेत. भोकातल्या आट्यांत जुन्या द्रव्याची पूड उरलेली असते, ती साफ करून मगच नवा बोल्ट लावावा आणि टॉर्क पान्यानेच, तिरप्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळावा.